टोला नेमका घडतो कधी?

“टोल्याच्या क्षणी मूठ आवळ, मनगटाचा झटका दे, बॉलच्या आरपार मार. हे मी मुलींना पंचवीस वर्षं सांगत आलेय,” सॉफ्टबॉलच्या प्रशिक्षिका म्हणाल्या. “आणि सर, माझ्या मुली जिल्ह्यापुरत्या राहिल्या नाहीत, राज्य पातळीवर होमरन मारून आल्यात. तुम्ही म्हणता, बॅटला बॉल लागतो तेव्हा मुठीचा काही उपयोग नसतो. मग त्या मुलींच्या हातात होतं तरी काय? एक उदाहरण देते. आमच्या संघात एक मुलगी होती, अंगाने काडी. तिच्याच बरोबर गोळाफेक करणारी एक दणकट मुलगी. दोघींना टीवर, म्हणजे उभ्या दांड्यावर, बॉल ठेवून मारायला लावलं की दणकट मुलीचा बॉल शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून जेमतेम जायचा आणि काडीचा थेट कुंपणाला लागायचा. ताकद एकीत होती आणि टोला दुसरीत. हा फरक आकड्यांत मांडून दाखवा, मग मी ऐकते.”

भौतिकशास्त्राचे शिक्षक म्हणाले, “आधी मुठीचं बघू, मग त्या दोघींकडे येतो. सॉफ्टबॉल आणि बॅट यांची गाठ पडते ती साधारण एका सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती. तुमच्या फोनवर स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं निघतात, म्हणजे दोन चित्रांमध्ये चार सहस्रांश सेकंदांची फट राहते. अख्खी टक्कर त्या फटीत होऊन जाते. एका चित्रात बॉल अजून बॅटपर्यंत पोचायचा असतो, पुढच्या चित्रात तो निघालेला असतो. मधलं काही हाती लागत नाही. त्या एका सहस्रांशात बॅट जेमतेम अडीच सेंटीमीटर पुढे सरकते. पण बॉलचं काय होतं बघा. १९० ग्रॅमचा बॉल ताशी ९० किलोमीटरने आला आणि ताशी १०८ किलोमीटरने परत गेला, तर त्याच्या वेगात सेकंदाला एकूण ५५ मीटरचा बदल झाला. इतक्या थोड्या वेळात एवढा बदल घडवायला सरासरी दहा हजार न्यूटनचा जोर लागतो. जवळपास एक टन वजन म्हणा. एक टनाला कोणत्या मुलीची मूठ रेटा देईल? शिवाय धक्का बॅटमधून लाटेसारखा मुठीपर्यंत जातो, मुठीचं उत्तर बॅरलपर्यंत, म्हणजे बॅटच्या जाड भागापर्यंत, परत येतं, तोवर बॉल निघून गेलेला असतो. प्रयोगशाळेत बॅट मोकळी ठेवून आणि धरून, दोन्ही तऱ्हांनी बॉल आदळून पाहिलाय. बॅरलवरून परतणाऱ्या बॉलच्या वेगात दखल घ्यावी असा फरक पडत नाही. त्या क्षणी मूठ आवळली काय नि सैल सोडली काय, बॉलला ते कळत नाही.”

“मग झिणझिण्या कशाच्या?” त्यांनी लगेच विचारलं. “थंडीच्या दिवसांत सकाळच्या सरावात बॉल हँडलजवळ लागला की मुलगी बॅट टाकून हात झटकत बसते. त्या हाताला काही कळलं नाही, असं कसं म्हणू?”

“हाताला कळतं, पण बॉल गेल्यावर,” शिक्षक म्हणाले. “बॅट कडक दिसते, पण टोल्याने ती धनुष्यासारखी लवते आणि थरथरत राहते. थरथरणाऱ्या दांड्यावर काही ठिपके स्थिर राहतात. त्यांतला एक बॅरलवर असतो, टोकापासून साधारण पंधरा सेंटीमीटर आत. तिथे किंवा त्याच्या आसपास बॉल लागला तर बॅट फारशी थरथरत नाही, हाताला काही जाणवत नाही आणि जाणारा बॉल झकास जातो. हँडलकडे लागला की बॉलला मिळायची ती ऊर्जा बॅट लववण्यात खर्च होते. झिणझिण्या म्हणजे त्या खर्चाची पावती. मुलीला वाटतं, बॅट नीट धरली नाही म्हणून बॉल गेला नाही आणि म्हणून हात बधिर झाला. खरं तर दोन्हींचं कारण एकच, बॉल चुकीच्या जागी लागला.”

हे मात्र प्रशिक्षिकांना पटलं, कारण त्या बॅटला खडूची पूड फासून बॉल कुठे लागतो ते मुलींना दाखवत आल्या होत्या. पण एक गोष्ट कबूल केली म्हणून सगळा मुद्दा सोडून देणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. “ठीक. म्हणजे टोला बॉल लागण्याआधीच होऊन गेलेला असतो, असं तुमचं म्हणणं. मग आधी काय व्हायला हवं ते सांगा. बॅट जड हवी की हलकी? पिचर वेगवान असली तर फायदा की तोटा? मैदानावर मला पालक विचारतात, तेव्हा मला ‘ऊर्जा’ हा शब्द पुरत नाही.”

“एका ओळीचा हिशेब आहे,” शिक्षक म्हणाले. “चांगल्या बॅटच्या योग्य जागी बॉल लागला तर जाणाऱ्या बॉलचा वेग म्हणजे बॅटच्या वेगाची सव्वापट, किंचित कमीच, अधिक येणाऱ्या बॉलच्या वेगाचा एक पंचमांश. आकडे बॅटगणिक थोडे हलतात, पण प्रमाण असंच राहतं. बॅट ताशी ९०, बॉल ताशी ९०, तर जाणारा बॉल ताशी सुमारे १२६. आता पिचरने वेग दहाने वाढवला तर जाणाऱ्या बॉलला फक्त दोन मिळतात. मुलीने बॅटचा वेग दहाने वाढवला तर बारा मिळतात. सहापट फरक! क्रिकेटमध्ये आपण म्हणतो, फलंदाजाने गोलंदाजाचा वेग वापरला. तिथे ते खरंही असतं, कारण ग्लान्समध्ये चेंडू नुसता वळवायचा असतो. सॉफ्टबॉलमध्ये बॉल जिथून आला तिकडे परत धाडायचा असतो. आधी तो थांबवा, मग उलटा पाठवा. त्या उलथापालथीत पिचरच्या वेगातलं बहुतेक सगळं खर्ची पडतं.

“आता तुमच्या दोन मुली. काडीने बॅटला वेग दिला, दणकटीने जोर दिला. स्नायू जितक्या भरभर आखडतो तितकी त्याची ओढ कमी होते. ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३८ मध्येच हे मांडलंय. बायकांच्या गोळ्याचं वजन ४ किलो, बॅट पाऊण किलोच्या आसपास. जड वस्तू सावकाश ढकलायला घडवलेलं शरीर हलकी वस्तू भिरकावताना तेवढंच चालेल, असं नसतं. आणि ती काडी हाताने मारतच नव्हती. वेगात फिरणाऱ्या बॅटमध्ये १३० ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते आणि ती सेकंदाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यात आलेली असते. म्हणजे नुसत्या बॅटमागे एक अश्वशक्तीहून अधिक! दंडाचे स्नायू एवढं देऊ शकत नाहीत. ते येतं मांड्यांतून आणि कमरेतून. पुढचा पाय रोवला, कंबर फिरली आणि थांबली, मग खांदे, मग हात, सगळ्यांत शेवटी बॅट. जो थांबतो तो आपला वेग पुढच्याला देतो. तुम्ही तिला पुन्हा पाहिलंत तर बॉल लागण्याच्या वेळी तिची कंबर जवळजवळ थांबलेली दिसेल.”

“दिसते. आम्ही त्याला ‘पुढच्या पायाची भिंत’ म्हणतो,” प्रशिक्षिका म्हणाल्या. “तुमच्या पुस्तकाआधी ती आमच्याकडे होती. पण जड-हलकीचं राहिलं.”

“त्याचं उत्तर सॉफ्टबॉलमधूनच मिळालंय. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेत लॉईड स्मिथ, ॲलन नेथन या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने मुद्दाम दोन तऱ्हांच्या बॅटा बनवून घेतल्या. एका संचात सगळ्यांचं वजन सारखं, पण ते कुठे साठवलंय ते वेगळं. कोणाचं टोकाकडे, कोणाचं मुठीकडे. दुसऱ्या संचात वजन वेगवेगळं, पण फिरवायला सगळ्या सारख्याच जड वाटतील अशी वाटणी. खऱ्या खेळाडूंना त्या फिरवायला दिल्या आणि वेग मोजला. बॅटचा वेग एकूण वजनावर ठरतच नव्हता. तो ठरत होता वजन मुठीपासून किती लांब आहे त्यावर. काट्यावर सारख्या उतरणाऱ्या दोन बॅटा हातात अगदी वेगळ्या चालतात. दुकानात औंस विचारून बॅट घेणारा पालक चुकीचा प्रश्न विचारतोय.

“आणि यातही फुकट काही मिळत नाही. टोकाकडे वजन असलेली बॅट सावकाश फिरते, पण बॉल लागल्यावर कमी मागे हटते, त्यामुळे जास्त देते. मुठीकडे वजन असलेली भरभर फिरते, पण लागल्यावर मागे रेटली जाते. दोन्ही टोकं एकमेकांना बरंचसं फेडून टाकतात. लाकडी बॅट आतून पोखरून बुचाचं लाकूड भरण्याची बेसबॉलमधली लबाडी याच नेथन, स्मिथ मंडळींनी तपासली होती. २०११ मध्ये ते काम अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्समध्ये आलं. पोखरून बॉलचा वेग वाढत नाही, असं त्यांना आढळलं. हलकेपणाने कमावलेलं टकरीत गमावलं जातं.”

इथे प्रशिक्षिकांनी जो मुद्दा काढला, त्याने वादाची जागाच बदलली. आत्तापर्यंतचं सारं बॅट बॉलला लागणारच, असं धरून चाललं होतं.

“सर, त्याच अभ्यासात आणखी एक वाक्य असणार. पोखरलेली बॅट लवकर वळते, म्हणून बॅटर थोडा जास्त वेळ थांबून बॉल बघू शकतो. असेल ना? मला ते न वाचताही माहीत आहे, कारण आमचा सगळा खेळ त्या थोड्या वेळात आहे. पिचरची पाटी बॅटरपासून ४३ फुटांवर, म्हणजे १३ मीटर. पाऊल टाकून बॉल सोडेपर्यंत पिचर आणखी पुढे आलेली असते. उरतात अकरा-साडेअकरा मीटर. ताशी १०५ने टाकणारी पिचर असेल तर मुलीच्या हातात सेकंदाच्या दहा भागांतले चारही पुरते नसतात. बेसबॉलवाला ताशी १५० किलोमीटरच्या बॉलला जेवढ्यात भिडतो, तेवढ्यातच ती भिडते. अमेरिकेची पिचर मोनिका ॲबट हिने २०१२ मध्ये ताशी ७७ मैल, म्हणजे १२४ किलोमीटरचा बॉल टाकला. तिथे तर वेळ आणखी कमी. त्या वेळेचा निम्मा भाग नुसतं बघण्यात आणि ठरवण्यात जातो.

“तुमच्या सूत्रात बॅटचा वेग सहापट मोलाचा आहे. मग २००४ मध्ये अल्बर्ट पूहोल्सचं काय झालं? त्या काळच्या सर्वांत ताकदवान बेसबॉल फलंदाजांपैकी एक. प्रदर्शनी सामन्यात सॉफ्टबॉलची पिचर जेनी फिंच हिने त्याला सॉफ्टबॉल टाकला आणि तो स्ट्राईक आऊट झाला. त्याच्या बॅटला वेग कमी होता का? त्याच्याही आधी, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, कनेक्टिकटमधल्या वॉटरबरीत सॉफ्टबॉलची पिचर जोन जॉइस हिने बेसबॉलच्या टेड विल्यम्सला असंच बाद केलं. १९४१ मध्ये .४०६ची सरासरी काढणारा हा माणूस. ‘द सायन्स ऑफ हिटिंग’ हे पुस्तक ज्याच्या नावावर आहे, तोच! फलंदाजीचं शास्त्र लिहिणाऱ्यालाही खालून येणारा बॉल सापडला नाही. बॅटचा वेग शून्याने गुणला तर उत्तर शून्यच येतं, हे तुमच्या फळ्यावर कुठे लिहिलंय?”

हा घाव जिव्हारी लागणारा होता आणि शिक्षकांनी तो चुकवला नाही. “तिथे लिहिलेलं नाही, हे मान्य. ते सूत्र टक्कर झाल्यावरचं आहे. टक्कर होईल की नाही, हे ते सांगत नाही. पण टक्कर किती अवघड आहे, हे सांगायला भौतिकशास्त्राचीच मदत होते. सॉफ्टबॉलची बॅट जास्तीत जास्त ५.७ सेंटीमीटर जाड आणि गोल. क्रिकेटची बॅट १०.८ सेंटीमीटर रुंद आणि सपाट. सपाट पृष्ठावर बॉल दोन बोटं इकडेतिकडे लागला तरी दिशा तीच राहते. गोलावर गोल आदळला की तसं होत नाही. बॉलचा मध्य बॅटच्या मध्यापेक्षा एक सेंटीमीटर वर असला तर धक्क्याची रेषा साडेसात अंशांनी वर झुकते, दोन सेंटीमीटर असला तर पंधरा अंशांनी. अंगठ्याच्या रुंदीएवढ्या फरकात ग्राऊंडर, लाइन ड्राइव्ह आणि उंच उडालेला पॉप अशी तीन नशिबं आहेत. आडव्या दिशेला तर आणखी बारीक काम. बॅट इतक्या वेगाने फिरत असते की पाच सहस्रांश सेकंदांचा उशीर झाला की ती दहा अंश मागे राहते. अशा चार-पाच उशिरांत फाऊल लाइन ओलांडली जाते.”

“हे ऐकून मला बरं वाटलं,” त्या म्हणाल्या, “कारण मुली चुकल्या की प्रेक्षकांतून ‘डोळे उघडे ठेव’ असं ओरडतात. पण आता कोन निघालाच आहे, तर तोही सांगते. अलीकडे फोनवर पाहून मुली येतात आणि म्हणतात, बॅट खालून वर न्यायची, बॉल पंचवीस-तीस अंशांनी उडवायचा. बेसबॉलच्या व्हिडिओंवरून शिकलेलं. एका मोसमात माझ्या चार मुली अशाने बिघडल्या. टीवर झकास मारायच्या आणि सामन्यात हवेत बॅट फिरवायच्या.”

“त्यांनी अर्धंच उचललं,” शिक्षक म्हणाले. “बेसबॉलमध्ये पिचर उंचवट्यावरून, खांद्याच्या वरून टाकतो. बॉल बॅटरपाशी येताना चांगलाच उतरत असतो. बॅट थोडी वर चढत नेली तर दोघांची वाट एका रेषेत येते आणि भेटीची संधी वाढते. सॉफ्टबॉलची पिचर सपाट जमिनीवरून, मांडीजवळून बॉल सोडते. राइज बॉल तर वर चढतच सुटतो आणि उलट्या फिरकीमुळे अपेक्षेपेक्षा कमी उतरतो. अशा बॉलच्या वाटेला तीच चढती बॅट तिरकी छेदते. सूत्र बरोबर, पण ते दुसऱ्या खेळाच्या बॉलसाठी बसवलेलं.

“तरी कोन टाकून देऊ नका. ताशी १०८ने, तीस अंशांत निघालेला बॉल हवाच नसती तर सुमारे ८० मीटर गेला असता. बायकांच्या आंतरराष्ट्रीय मैदानाचं कुंपण २२० फुटांवर, म्हणजे ६७ मीटरवर असतं. प्रत्यक्षात तो बॉल कुंपणाच्या आत पडतो. हवा त्याला अडवते आणि सॉफ्टबॉलला तर जरा जास्तच. बेसबॉलशी तुलना केली तर दर ग्रॅममागे हवेसमोर येणारं क्षेत्रफळ सुमारे एक तृतीयांशाने जास्त. ढोबळ हिशेबाने त्या वेगाला हवेचा अडसर बॉलच्या वजनाच्या जवळ जातो. म्हणजे बॉलला खाली ओढणारं जितकं, जवळपास तितकंच मागे ओढणारं. म्हणून सॉफ्टबॉलमध्ये होमरन महाग आहे. अमेरिकेच्या महाविद्यालयीन सॉफ्टबॉलमध्ये जोसेलिन ॲलोने ओक्लाहोमा विद्यापीठासाठी खेळून २०२२पर्यंत १२२ होमरन मारले, लॉरेन चेंबरलेनचा ९५चा विक्रम मागे टाकला. तो आकडा मोठा का, हे या हवेच्या हिशेबाशिवाय कळत नाही.”

“आणि मला तो आकडा पाहून दुसरंच काही वाटतं,” प्रशिक्षिका म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा बदलला. “ॲलो मोठी खेळाडू आहेच. पण तिच्या हातात कोणती बॅट होती? आमच्या तालुक्याच्या शाळेत ॲल्युमिनियमच्या दोन बॅटा, दोन्हींना पोचे पडलेले. राज्य स्पर्धेत समोरच्या संघाकडे कंपोझिट, म्हणजे धागे नि राळेच्या, बॅटा आल्या आणि त्यांच्या मुलींचा बॉल आमच्या आउटफिल्डरच्या अंदाजापेक्षा चार-पाच पावलं जास्त जाऊ लागला. आमच्या मुली म्हणाल्या, त्या ताकदवान आहेत. मी त्यांना खोटं पाडू शकले नाही, कारण माझ्याकडे कारण नव्हतं. ते कारण आज तुम्ही द्या. ताकद विकत मिळते का?”

हाच प्रश्न या सगळ्या संभाषणातला सर्वांत खरा. शिक्षकांनी उत्तर द्यायला थोडा वेळ घेतला.

“काही प्रमाणात मिळते. बॉलच ऊर्जा उधळतो, इथून सुरुवात होते. अमेरिकेच्या महाविद्यालयीन सामन्यांत बॉलच्या उसळीची मर्यादा .४७ आहे. कठीण भिंतीवर मारला तर तो ज्या वेगाने गेला त्याच्या ४७ टक्के वेगाने परत यावा, त्याहून जास्त नाही. वेग ४७ टक्के म्हणजे ऊर्जा फक्त बावीस टक्के. उरलेली अठ्ठ्याहत्तर टक्के बॉल दबण्यात, त्याच्या आतल्या घर्षणात, उष्णता होऊन जाते. लाकडी बॅट कडक, म्हणून सगळं दबणं बॉलच्या वाट्याला. पोकळ बॅटची भिंत मात्र बॉलबरोबर थोडी आत जाते. बॉलने जे उधळलं असतं त्यातलं काही ती भिंत साठवते आणि परत देते. पितळी डबा आणि पत्र्याचा डबा यांवर चेंडू टाकून बघा. ॲल्युमिनियमची भिंत फार पातळ केली तर तिला पोचे पडतात, म्हणून तिला मर्यादा आहे. कंपोझिटची भिंत पोचा न पडता जास्त लवते. वापराने तिच्यातले धागे नि राळ सैल होतात आणि ती आणखी उसळी देते. नवी असताना नियमात बसलेली बॅट जुनी झाल्यावर नियमाबाहेर जाऊ शकते. काहीजण तर आतून भिंत घासून पातळ करतात. ती सरळ बेइमानी, आणि जवळ उभ्या असलेल्या पिचरच्या जिवाशी खेळ. म्हणूनच अमेरिकेच्या सॉफ्टबॉल संघटनेने २००४ पासून अट घातली. प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीत बॉलचा वेग ताशी ९८ मैल, म्हणजे सुमारे १५८ किलोमीटरच्या वर नेणारी बॅट चालणार नाही. तर, हो. तुमच्या मुली त्या दिवशी ज्याला ताकद म्हणाल्या, त्यातला काही भाग भिंतीचा होता.”

“काही भाग,” त्या सावकाश म्हणाल्या. “उरलेला?”

“उरलेला मुलींचाच. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमधली अंतिम लढत आठवा. तिथे बॅटा दोन्हीकडे उत्तम. क्रिस्टल बुस्टोसने जपानची पिचर युकिको उएनो हिला होमरन मारला, अमेरिकेचा त्या सामन्यातला एकमेव रन. पण जपान ३-१ने जिंकला आणि उएनोने दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ बॉल टाकले होते. बॅटा सारख्या झाल्या की पुन्हा माणसंच उरतात.”

प्रशिक्षिकांनी संभाषण जिथून सुरू झालं तिथे आणून ठेवलं. “मग मूठ. तुम्ही सिद्ध केलंत की बॉल लागताना मूठ काही करत नाही. मी मानलं. पण मी जेव्हा ‘बॉलच्या आरपार मार’ म्हणते, तेव्हा मुलीची बॅट लागण्याच्या आधीच मंदावत नाही. ‘बॉलला लाग’ म्हटलं की ती भेटीच्या ठिकाणी पोचता पोचता ब्रेक लावते. मी हे शेकडो मुलींत पाहिलंय. माझं वाक्य भौतिकशास्त्रात खोटं आहे, पण त्याचा परिणाम तुमच्याच सूत्रातल्या त्या सव्वापटीच्या जागी होतो. लोहार घण मारताना मनात ऐरणीच्या खालची जमीन धरतो. तो जमीन फोडत नाही, पण घण नीट बसतो. मग मी मुलीला खरं सांगू की चालणारं सांगू?”

“‘आरपार मार’ ठेवा,” शिक्षक म्हणाले. “ते खोटं असलं तरी आधीच्या वेळेवर काम करतं. ‘मूठ आवळ’ मात्र सोडा. आवळलेल्या मुठीने दंड ताठतात आणि ताठ दंड कमरेकडून आलेला वेग बॅटला देत नाहीत. तुमच्या दोन सूचनांतली एक चुकीच्या कारणाने बरोबर आहे आणि दुसरी चुकीच्या कारणाने चूक. हे मला फळ्यावरून सांगता येतं. पण कोणत्या मुलीला कोणतं वाक्य लागू पडेल, हे मला सांगता येत नाही. त्याला माझ्याकडे सूत्र नाही आणि होईल असंही मला आज वाटत नाही.”

“मूठ मी सोडेन, पण एकदम नाही. निम्म्या मुलींना सांगेन, निम्म्यांना नाही, आणि बघेन.”

“मग नीटच बघू. काट्यावर सारख्या दोन बॅटा आणू, एकीचं वजन टोकाला, दुसरीचं मुठीकडे. प्रत्येक मुलीचे पन्नास टोले, बॉलचा वेग मोजायचा, सरासरी काढायची.”

“टीवर नाही,” प्रशिक्षिका म्हणाल्या. “पिचर उभी करायची. आणि हवेत फिरलेली प्रत्येक बॅट तक्त्यात शून्य म्हणून लिहायची.”

“शून्य लिहिलं तर हलकी फिरणारी बॅट जिंकण्याची शक्यता आहे. वेगावर नाही, हजेरीवर.”

“जिंकू दे. मात्र सहा वेळा चुकून सातव्याला कुंपणापार मारणारी मुलगीही मला हवी असते. तिची किंमत तुमच्या सरासरीत कशी धरणार?”

“ते सामना कुठे आहे त्यावर. बेस रिकामे असतील तर...”

“आणि तिसऱ्या बेसवर धावपटू, एकच आऊट, शेवटचा डाव?”

“मग एक नीट ग्राऊंडरही पुरेल,” शिक्षक म्हणाले आणि तक्त्याच्या कागदावर आखलेल्या तीन रकान्यांच्या पुढे त्यांनी चौथी रेघ ओढली. तिच्यावर काय लिहायचं, हे दोघांचंही अजून ठरलेलं नव्हतं.